एका बोटाचं धृपद

"वा पोरी, सोनं केलंस!" अभंगाचं धृपद पडद्यावर क्षणात झळकलं, तसे बुवा कीर्तन थांबवून म्हणाले, आणि सतरंजीवर बसलेल्या वामनरावांच्या पोटात दुखू लागलं.

श्रोत्यांना सोबत गाता यावं म्हणून देवळात पडदा आला, तेव्हापासून लॅपटॉपपुढची खुर्ची त्यांची. त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली त्यांनीच बसवली होती, आणि काही बिघडेल या धास्तीनं कुणाला अपडेट करू दिलं नव्हतं. धृपदावर परतायला कीबोर्डवरच्या तीन कळा एकदम दाबाव्या लागत. ती कसरत त्यांनाच जमे. बुवांच्या पुतणीनं, ऋतानं, आल्या आल्या सगळी सॉफ्टवेअर पॅकेजेस अपडेट केली आणि धृपद एकाच कळीवर आणून ठेवलं. खुर्चीही तिचीच झाली.

'एकदा तरी चुकू दे हिला,' पांडुरंगासमोर बसून ते चक्क असलं मागत होते.

बुवांनी आख्यान मध्येच सोडून चाल चढवली. धृपद अचूक आलं. सभामंडप दणाणला आणि वामनरावांचेही हात नकळत टाळ्या वाजवू लागले, गळा मोकळा झाला. इतक्या वर्षांत कीर्तनात ते कधी गायलेच नव्हते. जीव सगळा त्या कळांत अडकलेला.

तेवढ्यात ऋता वाकून कुजबुजली, "काका, थोडा वेळ बसता का हो? केव्हाची जळतेय तुमच्यावर. मलाही टाळी वाजवू द्या की!"

वामनराव राजासारखे खुर्चीत बसले. खरंच, एक बोट पुरत होतं. खाली ऋता डोळे मिटून गात होती, आणि तिच्या मोकळ्या हातांवरून त्यांची नजर काही हलेना.