घुमणारं कपाट

“घुमतंय अजून,” ऑडिओबुक कंपनीतली जान्हवी फोनवर म्हणाली. “विहिरीत बसून वाचल्यासारखं येतंय. अनुष्का, सोमवारपर्यंत प्रकरण नीट नाही आलं तर पुस्तक दुसऱ्या आवाजाला द्यावं लागेल. माझ्या हातात नाही गं.”

अनुष्कानं फोन ठेवला आणि हेडफोन गादीवर आपटला. अर्धी कादंबरी माइकसमोर वाचून झाली होती, तीही कपाटात बसून. हो, कपाटातच! नांदे गावातल्या या फ्लॅटच्या एका अंगाला नव्या टॉवरचं ड्रिलिंग, दुसऱ्या अंगाला डंपर. आवाज नाही अशी जागा म्हणजे बेडरूममधलं भिंतीतलं मोठं कपाट, तेवढीच. खालचा कप्पा काढून तिनं आत स्टूल ठेवलं होतं. समोर तिचे ड्रेस आणि साड्या, पाठीशी नवऱ्याचे, मनीषचे शर्ट आणि कोट. कपड्यांत आवाज मुरतो, आपटून परत येत नाही. नमुना म्हणून पहिली दोन पानं तिनं महाबळेश्वरच्या हॉटेलात वाचली होती. तिथला गालिचा आणि जाड पडदे, त्यामुळे आवाज कसा स्वच्छ कोरडा आला होता. कपाटातली पहिली प्रकरणंही तशीच आली. कुठल्या स्टुडिओत करतेस, असं जान्हवीनंच विचारलं होतं. नोकरी सोडल्यापासून स्वतःचं म्हणावं असं हे एकच काम तिच्याकडे होतं, आणि आता तेही हातचं चाललं होतं.

बरं, दोष सापडावा तर तोही नाही. तिनं फ्रिज बंद ठेवला, दूध नासलं. केबल बदलली. माइक जवळ घेतला, लांब नेला, त्याची आवाज पकडायची पातळी कमी केली. सॉफ्टवेअरनं घुमणं पुसायला गेली तर शब्दच अर्धे पुसले गेले. सगळा राग मग रंभाबाईंवर निघाला.

“जरा हळू घासा की! किती आपटता!”

“आपटत न्हाई, घासतीया,” भरे गावाहून कामाला येणाऱ्या रंभाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “भांडी हायेत ती, कापूस न्हाई. तुमाला आजकाल लई राग येतुया, ताई. पंखा फिरला तरी वराडता.”

येणारच राग! कुणाला नाही येणार? नवऱ्याला सांगावं तर तो कंपनीच्या कामाला बंगळूरला, हॉटेलात. गेले दोन महिने त्याचं हेच चाललं होतं. दोन दिवस यायचं, बॅग भरायची, निघायचं. तिनं तक्रार केली की त्याचं उत्तर तयार. “कपाटाचा काय संबंध? उगाच उचकापाचक करू नकोस तिथं. सॉफ्टवेअर फालतू आहे तुझं. नाहीतर घसा बसलाय. आणि एका छंदापायी माझं किती डोकं खाशील?”

छंद म्हणे! डोंबलाचा छंद.

ती तणतणत कपाटात शिरली. दार ओढून घेतलं आणि एक टाळी वाजवली. पूर्वी इथं टाळी उशीवर मारल्यासारखी जागीच विरायची. आता टाळीला शेपूट होतं. तिनं पुन्हा वाजवली. शेपूट पाठीमागून येत होतं, मनीषच्या बाजूनं.

कव्हरं! आत्ता कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. समोरच्या बांधकामाची धूळ बसते म्हणून मनीषनंच ती काळी, झिपवाली कव्हरं आणली होती. सगळे कपडे त्यांत घालून ओळीनं टांगले होते. आणि कपाट घुमायला लागलं ते तेव्हापासूनच. प्लॅस्टिक मेलं, त्यात आवाज मुरणार कसा? आणि हा शहाणा तिच्या घशावर खापर फोडत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बसू दे धूळ, खड्ड्यात गेले ते कोट, असं म्हणत तिनं पहिल्या कव्हराची झिप खसकन खाली ओढली.

आत नुसता हँगर होता.

दुसऱ्यातही हँगरच. तिसऱ्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबली होती, कव्हर फुगलेलं दिसावं म्हणून. तिनं एकेक करत सगळी उघडली. लग्नातला कोट नव्हता. तिनं दिवाळीला घेतलेला निळा कुर्ता नव्हता. थंडीतलं जाकीट नव्हतं. इस्त्रीचे कपडे तो परस्पर बॅगेत का भरायचा, तेही आता कळलं. दर खेपेला थोडं थोडं घर उचलून नेलं होतं त्यानं. आणि ती दारात उभी राहून विचारत होती, चार्जर घेतलास ना?

रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. आली ती चीड. जायचं तर तोंडावर सांगून जावं माणसानं. हा कागद कोंबत बसला होता! वर घसा बसलाय म्हणे तिचा!

गादीवरचा हेडफोन उचलून ती पुन्हा कपाटात स्टुलावर बसली, तो कानाला लावला आणि मनीषला फोन केला.

“बोल पटकन,” मनीष म्हणाला. “हॉटेलवरच आहे अजून, मीटिंगला निघतोय. आणि तुझा आवाज काय असा येतोय? घुमतोय नुसता.”

ती हेडफोन कानावर दाबून धरून बसली. कान देऊन ऐकत राहिली.

“हॅलो? अनुष्का? ऐकू येतंय का?”

येत होतं. अगदी नीट ऐकू येत होतं. त्याच्या प्रत्येक शब्दाला शेपूट होतं.

“माझं सोड,” ती म्हणाली. “तुझ्या जागी गोधड्या टांगल्या की माझं घुमणं थांबेल. पण मनीष, तुझाही आवाज घुमतोय. नव्या घराला पडदे लावले नाहीस वाटतं अजून?”