कर्नलवरची तारीख

"तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, पण शार्दूल जिवंत आहे. पुराव्यासकट सांगतो," मी म्हणालो.

माझ्या सुनेला, ऋजुताला, कायमचं माहेरी न्यायला तिचा भाऊ कौस्तुभ आला होता. बॅगा दारात होत्या. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी हिमालयात ट्रेकला गेला, बर्फाचा कडा कोसळला आणि तो सापडलाच नाही.

"काका, मागे तुम्ही वाघाला रस्ताही विचारला होता," कौस्तुभ म्हणाला.

"आणि त्याने बरोबर सांगितला होता! हे बघ." मी शार्दूलचा लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. "ही त्याच्या लिनक्सच्या कर्नलची फाइल, म्हणजे सिस्टीमचा गाभा. हिची आवृत्ती बघायला गेलं, की ती कुणी बनवली आणि कधी, तेही दिसतं. त्यानेच शिकवलंय मला. वाच."

कौस्तुभने वाचलं. आवृत्तीचा आकडा, पुढे शार्दूलचं नाव, त्यापुढे तारीख. गेल्या मंगळवारची. त्याचा चेहरा उतरला.

"कुठूनतरी लांबून, इंटरनेटवरून या लॅपटॉपमध्ये शिरून बनवलीय त्याने. आता तो येईल, आणि घरात बायको नसेल?"

कौस्तुभने दारातली एक बॅग उचलून आत ठेवली.

ऋजुता इतका वेळ उभीच होती. तिने स्क्रीनवरच्या नावावरून हलकेच बोट फिरवलं आणि लॅपटॉप मिटला.

"बाबा, त्याचा पासवर्ड मंगळवारी तुम्ही माझ्याकडूनच मागून घेतलात."