टाचणी चालणार नाही

"वाच," अण्णा म्हणाले.

अहल्या कापडखरेदीच्या रकमा मोठ्यानं वाचू लागली. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं आपल्या प्रतीवर लाल पेन्सिलीनं खूण करायची, ही त्या कचेरीची पहिल्यापासूनची रीत. कचेरी म्हणजे बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या घराची पुढची खोली. अहल्याचे वडील बिंदुमाधव, म्हणजेच अण्णा, तिथं आसपासच्या दुकानदारांचे हिशेब लिहीत आणि त्यांची आयकराची कामं बघत.

गेल्या संक्रांतीपासून मात्र त्यांना दिसत नव्हतं. लाल खुणा कागदभर भरकटत. त्या गिऱ्हाइकांच्या नजरेस पडू नयेत म्हणून अहल्या रोज संध्याकाळी खोडरबर घेऊन बसे आणि सगळ्या पुन्हा नीट करी. हिशेब बघणाराच आंधळा झालाय हे बाहेर फुटलं असतं, तर दारात कोण उभं राहिलं असतं?

"थांब. मधली एक ओळ सुटली."

अहल्यानं पाहिलं. खरंच सुटली होती.

"एवढं सगळं ध्यानात राहतं तुमच्या?"

"सवय झाली. पुढं वाच."

अहल्या बी.कॉम. झाली तेव्हा अण्णांनीच थोरल्या भावाकडे विषय काढला होता. भीमाचार्यांचा शब्द घरात शेवटचा. मुलं त्यांना दोड्डप्पा म्हणत आणि जरा लांबूनच म्हणत.

"तुझे दोन डोळे धड असताना पोरीला कचेरीत कशाला बसवायचं?" दोड्डप्पांनी विचारलं होतं, आणि विषय तिथंच मिटला. पदवी भिंतीवर लागली, पदवीवाली स्वयंपाकघरात गेली.

मग ही आपत्ती आली. अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं ते नागोजींनी. नागोजी शिंपी म्हणजे अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि कचेरीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. परत आल्यावर ते पायरीवर मटकन बसले. "शीर सुकली म्हणे डोळ्यांची. इलाज नाही," एवढं बोलून त्यांनी टोपीनं तोंड पुसलं.

आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. दोड्डप्पांचा नाइलाज झाला. धारवाडच्या आत्याचा त्रिविक्रम परीक्षा देऊन मोकळा होईपर्यंत पोरीनं वाचून दाखवावं, असं ठरलं. अण्णांकडे बघून अहल्याला भडभडून येई. सकाळी कचेरीत पाऊल टाकताना मात्र आनंद होई, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटे.

कचेरीचा आणखी एक हट्ट होता. काम निकालात निघालं की त्याचे कागद सुईदोऱ्यानं शिवायचे. टाचणी गंजते आणि कागद खाते, म्हणून ती चालणार नाही. आता अहल्या दोरा ओवून सुई हातात देई, आणि अण्णा अंगठ्यानं कड चाचपत टाके घालत.

श्रावणात नागोजींना आयकर कचेरीची नोटीस आली. दुकानात दोनाची पाच शिलाई मशिनं झाली, तेवढी कमाई मात्र दाखवलेली नाही, असं त्यात होतं.

"मी जाते," अहल्या म्हणाली. "पदवी आहे, नागोजीकाकांनी अधिकारपत्रावर सही केली की झालं."

"साहेबापुढं? तू?" दोड्डप्पा म्हणाले.

"अण्णांना पाठवलं तर सगळं उघडं पडेल, दोड्डप्पा."

 "सरी, ठीक आहे," दोड्डप्पा शेवटी म्हणाले. "जा. पण काम फसलं, तर दुसऱ्या दिवशी त्रिविक्रम या खुर्चीवर बसेल. आणि तुझ्यासाठी मी स्थळ बघेन."

अहल्या महिनाभर हटली नाही. नागोजींच्या दुकानात जाऊन बसली, कारागिरांशी बोलली, त्यांच्या घरी गेली. ओठ घट्ट मिटून घरी येई आणि जेवण झालं की पुन्हा कागद काढून बसे.

सुनावणीला अधिकारी कृष्णमूर्ती यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "वडील कुठं आहेत?"

"प्रकृती बरी नाही. अधिकारपत्र माझ्या नावाचं आहे."

"बरं. पाच मशिनं कशी झाली?"

"दोनच आहेत, सर. बाकीची तीन कारागिरांची. ते आपापलं मशीन घेऊन कामाला येतात. दसऱ्याच्या आयुधपूजेला दुकानात जाऊन बघा, नागोजी दोनच मशिनांना कुंकू लावतात. दुसऱ्याच्या हत्याराची पूजा कोण करतो?"

साहेब हसले. पण हसण्यावर काम सुटत नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं तिन्ही कारागिरांच्या नावच्या खरेदीच्या पावत्या पुढं ठेवल्या.

आठवड्यानं नागोजी निकालाचा कागद घेऊन कचेरीत आले. नागोजींचं विवरण जसंच्या तसं मान्य झालं होतं.

दोड्डप्पांनी तो कागद दोनदा वाचला. मग धारवाडला पत्र लिहिलं, की त्रिविक्रमाला तिकडेच एखाद्या बँकेत चिकटवा, इथली खुर्ची भरली आहे. तोवर मिठाईवाले येसाजी दारात उभे होते. त्यांचीही सुनावणी होती, आणि ते विचारत होते, "अक्का आहेत का घरात?" अण्णांचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही.

अहल्यानं पिशवी उचलली. उंबऱ्यात ती थांबली आणि परत येऊन अण्णांच्या पाया पडली.

"त्या दिवशी मी साहेबांपुढं कशी उभी राहिले, ते तुम्हाला बघायला मिळायला हवं होतं, अण्णा."

अण्णांनी तोंड फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. न दिसणाऱ्या डोळ्यांनाही पाणी येतंच की, असं अहल्याच्या मनात आलं. ती येसाजींबरोबर लगबगीनं बाहेर पडली. फाटक वाजलं.

खोलीत अण्णा आणि नागोजी राहिले. मधे नागोजींच्या कामाचे कागद, सुई आणि दोरा. घाईत अहल्या दोरा ओवून द्यायला विसरली होती.

नागोजींनी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि सुई डोळ्यांजवळ नेली. चुकलं. पुन्हा चुकलं. "जन्म गेला सुया ओवण्यात," ते पुटपुटले, "आता भोकच दिसत नाही."

"आण इकडं," अण्णा म्हणाले. त्यांनी सुई खिडकीच्या उजेडात धरली, एक डोळा बारीक केला आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला.