कापलेली शेपटी

"हे नीट वाच. तुला यातलं कळतं," म्हणत ताईनं रिपोर्ट लॅबच्या टेबलावर ठेवला. ती हॉस्पिटलातून थेट धाकट्या बहिणीकडे आली होती. तिच्याबरोबर तिची सहा वर्षांची लेक होती. लेकीच्या हातातली ताकद वर्षभर ओसरत चालली होती. आधी पेन्सिल गळाली, मग चमचा. आता बुटाची लेससुद्धा बांधता येत नव्हती. चार डॉक्टर झाले, पण आजाराला नाव काही मिळेना. नव्या औषधाच्या चाचणीत तिला घ्यायला हॉस्पिटलवाले तयार होते. पण आजाराचं मूळ कागदावर दिसायला हवं होतं, आणि नावं घ्यायची मुदत आज पाच वाजता संपत होती. सव्वाचार होऊन गेले होते.

धाकटीनं रिपोर्ट वाचला. लेकीच्या एका प्रथिनात बदल सापडला होता. खाली शेरा होता : बदल शेपटीत, म्हणजे प्रथिनाच्या टोकाच्या लोंबत्या भागात आहे, निर्धोक समजावा. प्रथिनाचं नाव वाचलं आणि तिच्या जिवात जीव आला.

"अगं, हे तर माझंच," ती म्हणाली. "पाच वर्षं घालवलीत मी याच्या मागे."

ताई खुर्चीत बसली. सकाळपासून पहिल्यांदाच बसली असावी.

धाकटी खोटं बोलत नव्हती. हे प्रथिन डीएनएवर बसतं आणि त्याला कामाला लावतं. त्याचा आकार बघायचा तर आधी स्फटिक करावे लागतात, आणि स्फटिक व्हायचे तर प्रत्येक कणानं गपगुमान आपल्या जागी बसावं लागतं. याची शेपटी मात्र घटकाभर स्वस्थ बसेल तर शपथ. तीन वर्षं नळ्यांवर नळ्या भरल्या, स्फटिकाचा पत्ता नाही. रडकुंडीला आली होती बिचारी. शेवटी तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, कापून टाक. या धंद्यात तशी रीतच आहे, वळवळेल ते कापायचं. तिनं शेपटीशिवायचं प्रथिन बनवलं. आठवड्यात स्फटिक आले, पाठोपाठ डॉक्टरेटही आली.

पुढे गेल्या वर्षी तिनं सहज म्हणून अख्खं प्रथिन डीएनएबरोबर ठेवून पाहिलं. डीएनए जवळ येताच इतका वेळ भिरभिरणारी शेपटी त्याच्या खाचेत जाऊन घट्ट बसली. शेपटी नसलेलं प्रथिन मात्र डीएनएवरून घसरत राहिलं. शेपटी मोकळी होती म्हणूनच तिला डीएनए पकडता येत होता.

"बुटाची लेस लोंबते म्हणून कुणी कापतं का?" ती ताईला म्हणाली. "तीच तर बूट धरून ठेवते."

हे सगळं वहीत होतं. आज लिहू, उद्या लिहू करता करता छापायचं राहून गेलं होतं.

तिनं रिपोर्टवरचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. शेरा लिहिणारे साहेबच फोनवर आले. घाईत ती स्वतःचं नाव सांगायचंही विसरली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही.

"मॅडम, वहीतलं मला चालत नाही. छापील लागतं," ते म्हणाले. "छापील आकारात ही शेपटी नाहीच. आणि ज्यांनी तो आकार शोधला त्यांनीच स्वच्छ लिहून ठेवलंय, 'हा भाग निरुपयोगी असल्यामुळे वगळला.' आठ वर्षांत कुणी ते खोडून काढलेलं नाही."

धाकटीला ते वाक्य ओळखू आलं. स्फटिक होईनात म्हणून वगळला, एवढंच लिहायचं होतं. 'निरुपयोगी' हा शब्द घाईघाईत पडला होता, आणि पुढे तो आठवलाही नव्हता.

ती काही बोलायच्या आत ताई फोनजवळ सरकली. "साहेब, काहीतरी मार्ग सांगा. माझी पोर हातची चाललीय हो."

साहेब म्हणाले, "एकच आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी पाचच्या आत लेखी कळवायचं, की आमचं चुकलं. मी लगेच शेरा बदलतो. पण असं कोणी लिहून देत नाही, बाई. नाव सांगतो, शोधून बघा."

"सांगा. असतील तिथून शोधून काढते," ताई म्हणाली. तिनं रिपोर्ट उलटा केला आणि पेन उघडलं.

साहेबांनी आधी आडनाव सांगितलं. दोन अक्षरं लिहून ताईचं पेन थांबलं. लग्न होईपर्यंत तीही तेच आडनाव लावत होती.