मनातला वास

विहिरीच्या पाण्याला वास येतो, म्हणून ९४ साली गावाने तक्रार केली. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कंपनीने पाणी तपासायला कुणी पाठवलं नाही, मानसशास्त्रज्ञ पाठवला. पुण्याची पदवी, वीस वर्षांचा अनुभव, हे सगळं डॉ. पटवर्धनांनी गावातल्या बायजाच्या ओटीवर बसून स्वतःच सांगितलं.

“वास पाण्यात नाही, तुमच्या मनात आहे. पेला तोंडाशी नेताना डोळे मिटा, दहा आकडे मोजा आणि घोट घ्या. भीती जाईल.”

बायजा उठली. विहिरीच्या पाण्याचा तांब्या-पेला आणून तिने त्यांच्यापुढे ठेवला.

“व्हय सायब. घोट तुमी घ्या, आकडे मी मोजते.”

 

तिने सात म्हणेपर्यंत डॉक्टर कंपनीच्या जीपमध्ये जाऊन बसले होते.