नंदाबाईच्या नावाचा खेकडा

"खेकड्याला? अगं, माझं नाव खेकड्याला दिलं तू?"

नंदाबाई भर मांडवात उठून उभ्याच राहिल्या. माईक लेकीच्या हातात होता, पण ऐकू गेला तो आईचाच आवाज, पार बाजारातल्या भेळवाल्यापर्यंत.

कुंभार पिंपळगावात मारुतीसमोर अर्पिताचा सत्कार चालला होता. आता सत्कार अर्पिताचा म्हणायचा, पण अर्धं बॅनर व्यापून तिचे काका अप्पाराव बसले होते, फेट्यासकट. अर्पिता खालच्या कोपऱ्यात, आणि तिच्या शेजारी इंटरनेटवरून उचललेला परातीएवढा लाल खेकडा. तिने शोधलेला खेकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा आहे, हे बॅनरवाल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिली शालसुद्धा अप्पारावांनाच घातली. का, तर भाऊ वारल्यावर पुतणीला शिकू दिलं म्हणून! जशी काही ती शिकली ती यांच्या परवानगीने.

"आई, ऐकून तर घे," अर्पिता म्हणाली. "कोकणात खाडीला कालवं असतात. मोठे, खडबडीत शिंपले. त्यांच्या आत हा खेकडा राहतो. असला खेकडा आजवर कुणी पाहिलाच नव्हता. जो शोधतो तो नाव ठेवतो. मी नंदा ठेवलं. आता सगळ्या जगात त्याला तेच म्हणतील."

"आत राहतो म्हंजे? घर त्याचं न्हाई?"

"नाही. घर शिंपल्याचं."

"मंग खातो काय?"

अर्पिता अडखळली. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. "शिंपला पाण्यातून जे ओढून घेतो, त्यातलंच खातो. मादी तर एकदा आत गेली की जन्मभर बाहेर येत नाही."

झालं! नंदाबाईंचा चेहरा लालबुंद झाला. फुकट खाणारी, हे नवरा गेल्यापासून या बाईने उठता-बसता ऐकलं होतं. भाकरी थापताना ऐकलं, मोसंबीला पाणी देताना ऐकलं, दिवसभर कापूस वेचून ताटावर बसताना ऐकलं. अर्धं वावर तिच्या नवऱ्याचं, कसणार दीर, राबणार ही, आणि वर फुकट खाणारीही हीच. आणि आज पोटच्या पोरीने तेच बोलावं? गावासमोर? माईकवर?

"दुसऱ्याच्या घरात बसून खाती, ती म्या व्हय?" त्यांचा आवाज फाटला. "याच्यासाठी शिकवलं का तुला? दुसरं काहीच न्हाई घावलं माझ्या नावाला? फूल न्हाई, पाखरू न्हाई?"

"अगं, शिंपला उघडला तव्हा ती पोटाखाली अंडी धरून बसली होती." अर्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "अंग इतकं मऊ की बोट लावायची भीती वाटावी. वरून नुसता शिंपला दिसतो. आत कुणी जीव धरून राहतंय, हे उघडल्याशिवाय कुणाला कळतच नाही. मला तूच आठवलीस."

"कशाला आठवावी म्या तुला तशी?"

शेजारच्या चांगुणाबाईंनी पदर ओढला. "बस की बाई खाली. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे!" नंदाबाईंनी पदर सोडवून घेतला.

अप्पारावांना मात्र भलताच आनंद झाला होता. खदाखदा हसत ते उठले आणि पुतणीच्या हातातला माईक त्यांनी सरळ काढून घेतला.

"वहिनी, चिडता कामून? पोरगी बराबर बोलली, बिलकुल बराबर! तुम्ही माय-लेकी आमच्या शिंपल्यात बसून आरामात खाल्लं. आम्ही कधी एका शब्दानं बोललो का? त्याला काळीज लागतं, मंडळी, शिंपल्याचं काळीज!"

मांडव हसला. पुढच्या खुर्च्यांवरून टाळ्याही पडल्या. एका शब्दानं बोललो का म्हणे! माणसाच्या निर्लज्जपणाला काही हद्द असते की नाही?

अर्पिता खाली मान घालून उभी राहिली. नंदाबाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. बायांमधून वाट काढत त्या तशाच अनवाणी स्टेजवर चढल्या. दिराच्या पुढ्यात आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो त्यांनी सावरला नाही. त्यांनी हात पुढे केला. अप्पाराव हसतच होते, त्यामुळे माईक कधी गेला ते त्यांना कळलंसुद्धा नाही.

नंदाबाईंनी माईक लेकीच्या हातात दिला.

"अर्पे, त्या खेकड्याचं मंग काय केलं तू?"

"जपून ठेवलाय, आई. काचेच्या बाटलीत, मोठ्या संग्रहालयात. बाटलीवर तुझं नाव आहे."

"किती दिवस ठेवतेत?"

"आपण सगळे गेलो तरी राहील."

"लोकं येतेत का पाहायला?"

"येतील. लांबून लांबून येतील."

नंदाबाईंनी मान हलवली. मग त्या वळल्या आणि अप्पारावांकडे पाहत उभ्या राहिल्या, चांगल्या रोखून. अप्पारावांचं हसू अजून ओठांवर होतं, पण ते आता नुसतंच तिथं राहिलं होतं.

"आन् शिंपला?" नंदाबाईंनी विचारलं.

"शिंपला?"

अर्पिताला आधी कळलंच नाही. कळलं तसं तिने डोळे पुसले आणि माईक नीट तोंडापाशी धरला.

"तो फेकून दिला, आई."