दोन पानांचं मरण

मी परदेशात राहतो आणि कादंबऱ्या मात्र घरच्याच लिहितो. दुसरं काही जमत नाही. नव्या कादंबरीत मी आईला मारलं. समीक्षकांनी ते प्रकरण डोक्यावर घेतलं. लिहिताना मीही स्वतःच्याच वाक्यांवर हुंदके देऊन रडलो होतो. धास्ती होती ती खऱ्या आईची. ताईने तिला सगळं पुस्तक वाचून दाखवलं आणि मला फोन जोडून दिला.

"रागावलीस का गं, आई?"

"रागवायचं काय त्यात? पण मरणारी बाई दोन पानं भाषण ठोकते होय रे? मला तर जिना चढून आले की हाकसुद्धा मारवत नाही."

"साहित्यात चालतं ते."

"चालू दे बापडं. पण रडले हो मी."

मी सुखावलो. लेखकाला आणखी काय हवं असतं! खुर्चीत जरा ताठ बसून मी विचारलं, "कुठे गं? त्या भाषणाला ना?"

"छे! तू वेळेवर येऊन पोचतोस ना त्यात, तिथे."